चिकूची बेडणी आणि नातीचा प्रोजेक्ट

साल दोन हजार पंचवीस, जानेवारी महिना, आणि मला शहात्तर पुरी झालेली. या वयात माणसं काशीला जातात. मी डहाणूला गेलो, आणि तेसुद्धा भांडायला.

भांडण कुणाशी ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट लागेल. माझी नात वृषाली मुंबईच्या बाजूला एका मोठ्या विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकते, तिसऱ्या वर्षाला. दिवाळीला घरी आली आणि जेवताना म्हणाली, "आबा, यंदा एका विषयाला पेपरच नाही. प्रोजेक्ट आहे. लोकांत जायचं, त्यांची एक अडचण शोधायची आणि सोडवायची. तीच परीक्षा."

"कसली अडचण?"

"डहाणूकडे बायका ज्या काठीने चिकू काढतात, ती काठी."

माझा घास हातातच राहिला. आमचं घर संगमेश्वर तालुक्यात. तीन पिढ्या आम्ही आंबे काढायची घळ करतो. घळ म्हणजे लांब बांबू, त्याच्या टोकाला कडं, कड्याला सुतळीची जाळी, आणि तोंडाशी देठ अडकवून तोडायला दोन खुंट्या. माझ्या हातची घळ आजूबाजूच्या गावांत ओळखू येते, हे मी सांगत नाही, लोक सांगतात. ही पोर दहा वर्षांची होती तेव्हा अंगणात माझ्यासमोर येऊन बसायची, मला शिकवा म्हणायची. मी तिच्या हातातला कोयता काढून घ्यायचो. म्हणायचो, तू खुर्चीवर बसायचंस, तुझ्या हाताला घट्टे नकोत. आणि आता विद्यापीठच तिला काठ्या करायला लावतंय! मग मी काय वाईट होतो?

मी सरळ सांगितलं, सोड ते कॉलेज, इकडे देवरुखला ये, जिथे पुस्तक शिकवतात तिथे शिक. ती माझीच नात. ती म्हणाली, "पाच दिवस माझ्याबरोबर चला. पाचव्या दिवशी तुम्ही म्हणालात की घरी चल, तर बॅग भरून कायमची येईन. नाही म्हणालात, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही." तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, आम्हा दोघांच्या मध्ये बोलत नाही. तो ताक पीत राहिला.

आता हे मी वहीत लिहिलंय. शाळा माझी तिसरीपर्यंत. ऱ्हस्वदीर्घ नातीने सुधारलं, बाकी तिला एक शब्द इकडचा तिकडे करू दिला नाही.

डहाणू आणि चिखले

रेल्वेचं सांगत बसत नाही, ती सगळ्यांनी बघितलीय. डहाणू रोडला उतरलो तर बाहेर रिक्षावाल्याने गुजरातीत विचारलं, मी मराठीत सांगितलं, त्याने हिंदीत भाव केला आणि वाटेत बायकोशी फोनवर आणखीच वेगळ्या बोलीत बोलला. आमच्याकडे माणूस एक भाषा बोलतो आणि तीही अर्धी गिळतो.

चिखले गाव समुद्राला लागून आहे. बागेला तिकडे वाडी म्हणतात. मला वाटलं होतं चिकूचं झाड म्हणजे पेरूएवढं असेल. पण झाडं आमच्या जुन्या कलमांएवढी उंच, आणि इतकी दाट की खाली भर दुपारी संध्याकाळ. पान गडद, फांदीवर फांदी. आमचा आंबा कसा झाडाबाहेर लोंबून आपण होऊन दिसतो. चिकू पानांच्या मागे अंग चोरून बसतो, मातीच्या रंगाचा. फळ बघूनच मला कळायला हवं होतं की इथे आपली अक्कल जपून वापरावी. कळलं नाही.

वाडीचे मालक घरचे गुजराती, साठीचे, हसरे. "बेसो, काका, बेसो," म्हणून खुर्ची दिली आणि चहा आणला. चहात गवती चहा आणि पुदिना. चहात पुदिना घालणाऱ्या माणसांवर विश्वास ठेवावा की नाही, हे मला पहिल्या कपाला कळेना. तिसऱ्या दिवशी मीच मागून घेत होतो.

वृषालीच्या गटात चौघं. ओंकार, ठाण्याचा, तोंड मिनिटभर बंद नाही. श्रेया, वर्गात पहिली येणारी, हातात कायम वही. विल्सन, वसईचा, उंच आणि शांत. आणि आमची वृषाली. बरोबर त्यांच्या मॅडम, चाळिशीच्या, पायात बूट आणि डोक्याला टोपी.

चौघांनी मोठ्या अभिमानाने त्यांची काठी दाखवली. पांढरी हलकी नळी, हाताशी रबर, टोकाला पातं. खालची दोरी ओढली की पातं मिटतं, देठ कापला जातो, फळ जाळीत. वजन बायकांच्या काठीच्या निम्मं.

"कुठे करून बघितलीत?" मी विचारलं.

ओंकार म्हणाला, "कॉलेजच्या आवारात, आजोबा. गुलमोहरावर लिंबं टांगून. शंभरातली शंभर पडली!"

मी मॅडमना विचारलं, "बाई, बरोबर काठी कशी असते ते तुम्ही यांना आधीच का सांगत नाही?"

त्या म्हणाल्या, "मलाच माहीत नाही, आबा. माहीत असतं तर फळ्यावर लिहून दिलं असतं."

शहात्तर वर्षांत मी असा शिक्षक बघितला नव्हता. आमच्या गुरुजींनी एकदा विचारलं होतं, शाळेमागचा माड किती उंच? मी सांगितलं तेवढाच निघाला. ते म्हणाले, कशावरून? मी म्हटलं, नजरेने. त्यांनी छडी मारली, रीत लिहिली नाहीस म्हणून. मी दुसऱ्या दिवसापासून शाळेत गेलो नाही. पण गुरुजींना उत्तर माहीत नाही असं कधी झालं नव्हतं. मी मनात ठरवून टाकलं, पोर घरी न्यायची. उरलेले चार दिवस जेवायचे.

दुसरा दिवस, वाडीत

सकाळी साडेसातला टेम्पो आला. चिकू काढणाऱ्या बायका तलासरीकडच्या पाड्यांवरून येतात. त्यांची पुढारी सुकरीबाई, पन्नाशीची, बारीक, काटक. तिच्याबरोबर तिची जाऊ रमकी, आणि आणखी तिघीचौघी. प्रत्येकीच्या खांद्यावर आपली काठी. त्या तिला बेडणी म्हणतात. बांबू, कडं, जाळी, बस. खुंटीही नाही, पातंही नाही. मला ती अर्धवट केलेल्या घळीसारखी वाटली.

पोरांची काठी सुकरीबाईने हातात घेतली, तोलली, म्हणाली, "हलकी हाय." पोरांचे चेहरे फुलले. मग तिने अर्धा तास काम केलं. खट, खट, खट. जाळीत फळांवर फळं. श्रेया मोजत होती, ओंकार फोटो काढत होता. मालक आले, क्रेटमधलं एक फळ उचललं, नखाने खरवडलं. साल गेली आणि आत हिरवंगार. दुसरं खरवडलं, हिरवं. तिसरं बरं निघालं, चौथं पुन्हा हिरवं. देठाशी पांढरा चीक ठिबकत होता आणि खालच्या फळांवर डाग पडत होते. शिवाय प्रत्येक फळाला बोटभर देठ, तो शेजारच्याला टोचत होता.

"अरे भाई," मालक म्हणाले, "हे पिकणारच नाही. कच्चं काढलं तर दगड होऊन राहते."

रमकी म्हणाली, "काठी चांगली. पण तिला कच्चापक्का कळत नाय. सगळ्यांची मान कापते."

बायका हसल्या. त्यांच्यापेक्षा मोठ्याने मी हसलो. विल्सनची मान खाली गेली. वृषाली माझ्याकडे बघत होती, आणि ते बघणं मला आवडलं नाही, पण मी हसायचा थांबलो नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आता काय?"

मी म्हटलं, "आता काय ते मी दाखवतो." मालकांकडून बांबू घेतला, कोयता घेतला, आणि दुपारभर बसून जन्मात केली नसेल अशी घळ केली. खुंट्या चिंचेच्या, जाळी दुहेरी विणीची. पोरं गोल करून बघत बसली. ओंकार गप्प होता, यावरून समजा. वृषालीने एकदा हात पुढे केला, मी म्हटलं, थांब, बघ नुसती.

तिसरा दिवस, आणि झाई

सकाळी मी घळ सुकरीबाईच्या हातात दिली. तिने वर बघितलं, फांद्यांत शिरवली, आणि ती अडकली. चिकूचा देठ आखूड, खुंटीत येईना. आला तेव्हा मी दिमाखात ओढायला सांगितलं. फळ आलं, बोटभर देठासकट. आमच्याकडे आंब्याला देठ ठेवावाच लागतो, नाहीतर चीक फळावर येऊन साल भाजते. माझा हात तेच जाणतो. इथे देठ म्हणजे शेजाऱ्याला भोसकायची सुरी. तिने फळ खरवडलं. हिरवं.

"डोकरा," ती मला म्हणाली, "तूपण कॉलेजात शिकतोस काय?"

असा हशा झाला की टेम्पोवाला बघायला आला. डोकरा म्हणजे म्हातारा, तिकडे सरळ म्हणतात, त्यात अपमान नाही, हे मला नंतर सांगितलं. त्या वेळी मला नाही झोंबलं असं म्हणणार नाही. आदल्या दिवशी पोरांना मी हसलो होतो. त्यातलं एकही पोर मला हसलं नाही. विल्सनने माझी घळ उचलून सावलीत नीट उभी करून ठेवली.

मी म्हटलं मला भूक लागलीय. नव्हती लागली. मॅडमनी ओळखलं असावं. म्हणाल्या, चला, आज झाईला जेवू.

झाई म्हणजे आपल्या राज्याचं शेवटचं गाव, पलीकडे गुजरात. बोर्डी ओलांडून गेलात की सुरूची झाडं, होड्या, जाळी, आणि वाळत घातलेले बोंबील. समुद्र आमच्यापेक्षा सपाट. आमच्याकडे तो खडकावर आपटून ओरडतो. इथे ओहोटीला इतका दूर जातो की गेला कुठे म्हणून शोधायला निघावं. मी निघालो. चिखलात डावी चप्पल रुतली ती आलीच नाही. विल्सन कोपरापर्यंत हात घालून शोधत होता, मी म्हटलं राहू दे. उरलेली एक काय करायची म्हणून तीही तिथेच ठेवली.

जेवण विल्सनने ठरवलं. ओल्या बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी. आमच्यापेक्षा खोबरं कमी, तिखट जास्त. चांगलं होतं. अनवाणी पायाने वाळूत बसून खाल्ल्यामुळे असेल, माझा ताठा थोडा उतरला, आणि जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते तेव्हा विचारलं. म्हटलं, "खरं सांगा, मॅडम तिकडे लांब आहेत. तुम्हाला हे प्रोजेक्टचं शिक्षण पटतं?"

ओंकार आधी. "मला एकदम पटतं, आजोबा. वर्गात मी मागच्या बाकावर झोपतो. तीन वर्षांत मला काय येतं ते मलाच माहीत नव्हतं. इथे कळलं की मला फोटो काढता येतात."

"फोटो काढायला इंजिनिअरिंग?" श्रेया म्हणाली. "मला नाही पटत. पेपरात प्रश्न ठरलेला, उत्तर ठरलेलं, मी अभ्यास केला तर मार्क माझे. इथे अहवाल मी लिहायचा, मोजमापं मी घ्यायची, याने फोटो काढायचे, आणि मार्क दोघांना सारखे. आणि आता काठी फसली, तर माझाही नंबर गेला. मी काय चुकीचं मोजलं? सांगा ना."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ओंकारने पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

विल्सन काटे बाजूला करत म्हणाला, "माझे पप्पा म्हणतात, फी भरून मजुरी करतोस."

"बरोबर म्हणतात," मी म्हटलं.

"हो. पण मी ना आजोबा, वर्गात कधी हात वर केला नाही. चुकलं तर हसतील म्हणून. काल सगळ्यांसमोर चुकलं, सगळे हसले." त्याने माझ्याकडे बघितलं नाही, सभ्य पोरगा. "आणि काहीच झालं नाही. आज सकाळी उठलो, चहा प्यायलो."

"तू, वृषाली?"

"मी परवा सांगेन," ती म्हणाली. परवा म्हणजे पाचवा दिवस.

येताना श्रेयाने आपल्या पिशवीतल्या जादा चपला मला दिल्या. गुलाबी होत्या. घातल्या.

चौथा दिवस, तलासरीकडे

त्या दिवशी बायकांची सुट्टी होती. मॅडम म्हणाल्या, त्यांच्या घरी जाऊन विचारू, वाडीत आपण फक्त मोजत होतो. जीप चारोटीवरून हमरस्त्याने निघाली. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या देवळात उतरलो. मी देवीपुढे हात जोडले खरे, पण काय मागावं ते ठरेना. पोरगी हरावी असं मागायचं, की जिंकावी असं? शेवटी प्रवास सुखाचा कर म्हणालो आणि निघालो.

तलासरीच्या पुढे डोंगर दिसायला लागतात, भाताची खाचरं रिकामी, गवताच्या गंज्या. सुकरीबाईचं घर कुडाचं, सारवलेलं, अंगण इतकं स्वच्छ की गुलाबी चपला बाहेर काढल्या. तिने नाचणीची भाकरी केली होती, तिकडे नागली म्हणतात, आणि चवळीची आमटी. पाहुणे जेवेपर्यंत ती स्वतः बसली नाही. आमच्याकडेही तसंच. पण तिचा नवरा पाणी वाढत होता, ते आमच्याकडे नाही.

अंगणाच्या कडेला मालकांनी दिलेलं एक चिकूचं कलम, आता मोठं झालेलं. जेवण झाल्यावर वृषालीने विचारलं, "मावशी, वर एवढ्या उंचावर फळ. नख पोचत नाही. मग पिकायला आलंय हे तुम्हाला कळतं कसं?"

हा प्रश्न मी विचारला नव्हता. माझ्या डोक्यातही आला नव्हता. मी उत्तर घेऊनच गेलो होतो.

सुकरीबाईने बेडणी वृषालीच्या हातात दिली. "डोळे मीट."

तिने मिटले. सुकरीबाईने बेडणी धरून वर एका फळाखाली कडं नेलं. "आता फिरव. अर्धा फेरा. जोर नको."

वृषालीने फिरवली. "अडतंय."

"मग सोड त्याला. तो नाय येत." दुसऱ्या फळाला लावलं. "फिरव."

"आलं!" वृषाली ओरडली. "आबा, बांबूतून कळतं! आलं तेव्हा हाताला कळलं!"

फळ जाळीत होतं, देठाशिवाय. खरवडलं तर पिवळसर. म्हणजे काठी म्हणजे लांब केलेला हात. पोरांनी हाताच्या जागी कात्री बसवली होती, आणि मी चिमटा. दोघांनी मिळून त्या बाईला बहिरं केलं होतं.

"मग तुमची अडचण काय आहे?" श्रेयाने विचारलं, आणि वही मिटून विचारलं, हे मी बघितलं.

"कोण विचारते," सुकरीबाई म्हणाली. मग म्हणाली, "खांदा. फिरवून फिरवून खांदा जातो. सांजेला हात वर करून वेणी घालता येत नाय. रमकी माझी घालते, मी तिची."

ओंकारने एकदम मोबाइल काढला. तीन दिवसांचे फोटो सरकवत गेला. प्रत्येक फोटोत बेडणी फिरवताना बायकांचं कोपर खांद्याच्या वर. प्रत्येक फोटोत. श्रेया त्याच्या खांद्यावरून बघत होती. "सगळे दे मला," म्हणाली. "मी मोजते."

दुपारभर ती चौघं त्या अंगणात डोकी लावून बसली होती. पातं गेलं, नळी गेली. बांबूच ठेवायचा, पण बुडाला आडवी मूठ बसवायची, म्हणजे अर्धा फेरा पोटाशी, दोन्ही हातांनी देता येईल. जाळी निम्मी लहान. हे कोणी एकट्याने काढलं नाही. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने मोडायचं. मला माझ्या बापाची आठवण झाली. तो मला काही सांगायचा नाही. मी बांबू फोडायचा, फुकट घालवायचा, तो विडी ओढत बघायचा. हे मी सहज बोलून गेलो, तर ओंकार म्हणाला, "म्हणजे तुमचं सगळं शिक्षण प्रोजेक्टनेच झालं की, आजोबा!"

"आमच्याकडे मार्क नव्हते," मी म्हटलं. 

बांबू मात्र मी निवडला. पेरं ठोकून आवाज ऐकायचा, ते त्यांना येत नव्हतं. पण भोक पाडायची वेळ आली तेव्हा विल्सन नुसत्या बांबूवरच गिरमिट लावायला निघाला. आधी सुतळी आवळून बांधली नाही तर बांबू उभा तडकतो. माझे हात पुढे गेले. मॅडम हळूच म्हणाल्या, "आबा, तुम्ही करू नका. विचारलं तरच सांगा."

मला! बांबूच्या बाबतीत! मी उठून गंजीपाशी जाऊन उभा राहिलो. पाठीमागे तडक असा आवाज झाला. एक बांबू गेला. मग वृषाली आली. "आबा, फुटू नये म्हणून काय करतात?"

मी सांगितलं. एकच वाक्य. आणि परत गंजीकडे तोंड केलं. दुसरा बांबू फुटला नाही, तिसराही नाही. संध्याकाळी दोन बेडण्या तयार होत्या.

पाचवा दिवस, पुन्हा चिखले

मॅडमची अट अशी होती. सुकरीबाई आणि रमकी, दोघींना नवी बेडणी द्यायची. जुनी झाडाला टेकून ठेवायची. कोणी काही समजवायचं नाही, विनवायचं नाही. जेवायच्या सुट्टीपर्यंत एकीने तरी आपण होऊन नवी हातात ठेवली तर प्रोजेक्ट पास. दोघींनी टाकून जुनी घेतली तर नापास, विषय पुढच्या वर्षी पुन्हा. आम्ही लांब एका झाडाखाली बसलो.

नऊ वाजता रमकीने नवी टाकली. "मला नाय जमत, मूठ पोटाला लागते," म्हणाली आणि जुनी घेतली. ती बुटकी, मूठ तिच्या मापाला उंच. श्रेयाने ते लिहून घेतलं.

राहिली सुकरीबाई. खरं सांगायचं तर मी आता हरायला बसलो होतो, आणि हरायची मला घाई झाली होती. पोर घरी न्यायची हा माझाच हट्ट, पण ती आडवी मूठ टिकावी म्हणून मी ज्या देवांची नावं घेतली त्यांतले निम्मे आमच्या गावचेही नव्हते. सुकरीबाई एका झाडावरून दुसऱ्यावर जात होती. अर्धा फेरा, सोड. अर्धा फेरा, घे. हात पोटाशी.

साडेदहाच्या सुमारास ती थांबली. नवी बेडणी खाली ठेवली. खांदा चोळला. आणि सरळ जुन्या बेडणीकडे चालायला लागली.

वृषालीने माझा हात धरला. लहानपणी जत्रेत धरायची तसा.

सुकरीबाईने जुनी बेडणी उचलली. तिच्या जाळीत आपली पाण्याची बाटली आणि भाकरीचं फडकं ठेवलं, आणि बेडणी उंच फांदीला अडकवून दिली, खाली मुंग्या होत्या म्हणून. मग परत आली, नवी उचलली, आणि कामाला लागली.

लांबूनच ओरडली, "डोकरा, श्वास घे! मरशील!"

ओंकार नाचला. विल्सन हसला, दात दिसतील असा. श्रेया वहीत तोंड घालून बसली होती, तिला काही विचारलं नाही. मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी पुदिन्याचे दोन कप चहा प्यायलो आणि क्रेटमधले चार चिकू खाल्ले. डॉक्टरांनी गोड वर्ज्य केलंय, ते त्यांनी हे वाचून समजून घ्यावं.

जेवणाच्या सुट्टीत मॅडमनी मला विचारलं, "आबा, तुम्हाला काय वाटलं?"

मी म्हटलं, "रमकीची मूठ खाली घ्यायला हवी. एक वीत."

"कशावरून?"

मी तोंड उघडलं, नजरेने म्हणणार होतो. मग उठलो, रमकीच्या शेजारी बेडणी उभी केली आणि मापून दाखवलं. सदुसष्ट वर्षांनी रीत दाखवली. छडी नाही मिळाली.

संध्याकाळच्या गाडीला मी आणि वृषाली निघालो. तिला चार दिवस सुट्टी होती. बॅग भरलेली होती, पण कशासाठी भरलीय ते ती बोलली नाही आणि मीही नाही. मी विचारलं, "तू परवा सांगणार होतीस. तुला पटतं का हे शिक्षण?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आवडतं असं नाही, आबा. भीती वाटते. पेपरात चुकलं की माझं मला कळतं. इथे चुकलं की सुकरीमावशीच्या खांद्याला कळतं. पण मग चुकू नये म्हणून मी जपते. पेपरात तेवढं जपत नाही." मग म्हणाली, "आणि मला कोयता धरता येत नाही. काल सगळ्यांना वाटलं, हिच्या घरी घळी करतात, हिला येत असेल. मला लाज वाटली."

 त्या पोरीच्या हातातून कोयता कोणी काढून घेतला होता, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी एवढंच विचारलं, "परतीचं तिकीट काढलंयस?"

"नाही. तुमच्यावर होतं ना."

"काढ," मी म्हटलं.

तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं आणि आमचं स्टेशन येईपर्यंत झोपली. मी जागा होतो. खांदा अवघडला, हलवला नाही.

घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी परसातल्या बेटातून एक बांबू तोडला, अंगणात आणून टाकला, वृषालीला हाक मारली आणि कोयता तिच्या हातात दिला. मग समोर बसलो आणि दोन्ही हात मांडीखाली घातले, घट्ट. तिने पहिलाच घाव पेरावर घातला. चुकला होता. मी बघत राहिलो.